निरोपाचे क्रियापद

दुसऱ्या मजल्यावरील सज्ज्यात मी कुंड्या मांडल्यापासून, हॉटेल सोडताना 'येतो' म्हणणारा प्रत्येक पाहुणा त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी परत येऊ लागला. तो गेलेलाही असे. सांगलीच्या अष्टपुत्रे यांनी घरी पोहोचून दूरध्वनीवर आपल्या विसरलेल्या चष्म्याची चौकशी केली, तेव्हा ते आमच्या सज्ज्यात तगरीशेजारी बसून चहा पीत होते. व्यवस्थापक केरकरांनी त्यांनाच विचारले.

"माझाच फोन आहे," अष्टपुत्रे म्हणाले. "पाठवून द्या चष्मा. मला इथे लांबचंच बघायचंय."

परतणारे कठड्याच्या बाजूने, कर्दळीमागून येत. प्रत्येकाबरोबर एक भरलेली कुंडी वाढे आणि कुंडीमागे चार हात सज्जा. कुंडी उचलली, की तेवढी फरशीही जाई. मी माळी म्हणून कामावर आलो तेव्हा हा सज्जा जेमतेम दोन खुर्च्यांचा होता आणि पाहुण्यांना तेथे थोडी हिरवळ असावी, एवढीच मालकांची अपेक्षा होती. कुंड्या मी स्वहस्ते भरल्या होत्या: तळाच्या भोकावर खापरी, तिच्यावर वाळू, मग लाल माती आणि शेणखत. या कृतीत काहीतरी चुकले असावे, असे केरकरांचे मत होते. मी ते मान्य केले नाही. झाडे माणसांचे बोलणे शब्दशः घेत होती, आणि शब्दशः घेणे ही चूक असूच शकत नाही.

सकाळी धुके चढले, की दारातून कठडा दिसेनासा होई. दोन्ही बाजूंना तगर, अबोली, सोनटक्का, नेचे. मधून ओली फरशी दरीवर पुढे पुढे गेलेली, आणि तिच्याखाली एकही खांब नाही. कोणी निरोपाचा शब्द उच्चारला, की वारा नसतानाही सगळी पाने त्याच्याकडे वळत. याआधी तेहतीस वर्षे मी शाळेत व्याकरण शिकवले. एवढे लक्ष देणारा वर्ग मला कधी मिळाला नव्हता. मी कित्येकदा नुसता उभा राही.

माझी पत्नी कालिंदी माझ्यासोबत हॉटेलातच राहत असे. बाजाराला निघताना ती 'येते' म्हणे, आणि जाणाऱ्याने 'येते' म्हणणे हा क्रियापदावर अन्याय आहे, हे मी तिला लग्नापासून सांगत आलो होतो. मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती सज्ज्यात, कुंड्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"अहो, तुमचंच खरं," ती म्हणाली. "जाते."

वाक्य निर्दोष होते. मी तसे बोललोही.

पाने तिच्याकडे वळली आणि ती कठड्याच्या दिशेने चालू लागली. तेव्हापासून ती जातच राहिली. येणाऱ्यांमुळे सज्जा रोज वाढे, म्हणून ती कठड्यापर्यंत पोहोचत नसे. मला तिची पाठ तेवढी दिसे. मी कितीही भरभर चाललो तरी अंतर तेवढेच राही. एकदा मी हाक मारली.

"निघालेल्या माणसाला मागून टोकू नये, मास्तर," ती न वळता म्हणाली. "एवढं तरी पाळा."

तेराव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी केरकर दोन माणसे घेऊन आले.

"मालकांनी कळवलंय," ते म्हणाले. "खोल्या बारा, माणसं चव्वेचाळीस. सगळ्या कुंड्या उचलतोय."

"कालिंदी अजून सज्ज्यावर आहे. कठडा तिच्यापाशी आला, तर ती पलीकडे जाईल."

"मग वहिनींना सांगा, परत फिरा."

"ती 'जाते' म्हणाली आहे."

"असं कोण म्हणतं ओ?" केरकर म्हणाले. "कुणी लावली ही सवय?"



आलेले पाहुणे आपापल्या खुर्च्या उचलून शिस्तीने आत गेले. दाराकडून कुंड्या निघू लागल्या. मी तिच्यामागे धावलो, आणि दार, त्यात उभ्या असलेल्या केरकरांसह, चार चार हातांनी माझ्यामागे येऊ लागले. पुढे धुक्यातून प्रथमच कठडा दिसला. ती सरळ त्याच्याकडे चालली होती, आणि तिची चाल मुळीच मंदावली नव्हती.

मी केरकरांकडे वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "येतो."

"आता तुम्हीपण?" केरकर म्हणाले.

पाने माझ्याकडे वळली. मग कर्दळीमागून, एका नव्या कुंडीला वळसा घालून, मी आलो. तो मी कालिंदीच्या समोरून येत होता. जे तेरा दिवस मला दिसले नव्हते ते तिचे तोंड त्याला दिसत होते, आणि ते पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी आरशात कधी पाहिलेले नाही. ती थांबली. तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. वाक्य सदोष असावे, कारण तिचे खांदे हसण्याने हलले.

मधल्या कुंड्या संपल्या. दाराची चौकट माझ्या पाठीला लागली. हात पुढे केला असता तर तिच्या अंबाड्याला लागला असता. उरली होती ती माझ्याबरोबर आलेली एकच कुंडी, तिच्यापुरती चार हात फरशी आणि फरशीवर ती दोघे. आणि केरकर कुंडीच्या काठाला दोन्ही हात लावून, माझ्या तोंडाकडे पाहत, वाकून राहिले होते.