फणसाला वळसा

आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात रेल्वे नाही. खनिज ट्रकांनी गेलं, बार्जांनी गेलं, रूळ काही आमच्या वाट्याला आले नाहीत. तरीही मुळगावात आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, एक आख्खं स्टेशन आहे. त्याला बोगदा आहे, सिग्नल आहेत, आणि नवरा जागा असेपर्यंत एखादी गाडी फिरतच असते. नवऱ्याचं नाव गोकुळदास. पाळी गावच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये फिटर होता, निवृत्त झाला. बाकीचे निवृत्त लोक देवळाच्या पायऱ्यांवर बसून राजकारण करतात, आमच्या माणसाने रेल्वे काढली. हौसेला मोल नाही म्हणतात. मी म्हणते, हौसेला जागाही पुरत नाही. पाहुण्यांची खोली गेली, माझं जेवणाचं मोठं मेज गेलं, आणि एक जनेल, म्हणजे खिडकी, कायमची बंद झाली, कारण तिथून बोगद्याचा डोंगर सुरू होतो.

स्टेशन कुठलं, तर पेडणे. माझं माहेर. बायकोने आहेरात स्टेशन आणलं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. आमचं लग्न झालं तेव्हा पेडण्यात रूळ सोडा, रुळांची बातमीसुद्धा नव्हती, पण हे मी चारचौघांत बोलत नाही. मेजावरचं सगळं सत्त्याऐंशी पट लहान, आणि सगळं कोकण रेल्वे सुरू झाली त्या सालातलं. वर विजेच्या तारा नाहीत, कारण त्या पुष्कळ नंतर आल्या. एकदा एका इंजिनाच्या निळ्या रंगाची छटा जराशी गडद झाली म्हणून त्याने आठवडाभर बसून तो खरवडून काढला. एवढ्याशा इंजिनाचा रंग कोण बघायला येतो, असं मी विचारलं. "मी बघतो," म्हणाला. घरी कोणी आलं की मुरगावची जुनी लाइन, ती पोर्तुगीज काळातली, तिचे रूळ कसे अरुंद, पेडण्याच्या बोगद्याची माती कशी मऊ, खणलेलं पुन्हा कसं भरून यायचं, हे सगळं ऐकावं लागतं. चहा थंड होतो, पाहुणा थंड होतो, हा तापतच जातो.

अशा या घरात माझे वडील आले. त्यांचं नाव सखाराम, आम्ही आबा म्हणतो. पेडण्याला त्यांचं घर उतारावर आहे आणि खालून रेल्वे जाते. आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. भाऊ मस्कतला. यंदा विहिरीच्या काठावर घसरले, उजवा हात मोडला, आणि शेजाऱ्याला कळेपर्यंत तिथेच पडून राहिले. प्लास्टर घालून मी त्यांना थेट मुळगावला घेऊन आले.

मला एकच हवं होतं. आबांनी आता आमच्याकडेच राहावं. पुन्हा पडले तर हाक ऐकायला तिथे कोणी नव्हतं, आणि त्या विचाराने मला झोप लागत नव्हती. पण आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी पाहुणी म्हणून येतात, राहायला येत नाहीत. जावयाच्या अन्नावर दिवस काढणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मी गोडीने सांगितलं, रागाने सांगितलं, मस्कतहून भावाकडून सांगवलं. आबांचं उत्तर ठरलेलं होतं.

"चेडवाच्या घरात पावणो दोन दिसांचो, गो बाय. तिसऱ्या दिसा लोक इचारतत."

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ते तयार होते. एका हाताने धोतर कसं नेसलं देव जाणे, पण नेसले होते. पाववाला पोदेर येऊन गेला, मी पाव गरम करत होते आणि रडायचं नाही असं स्वतःला बजावत होते. निघण्याआधी जावयाचं मन राखावं म्हणून आबा पहिल्यांदाच रेल्वे बघायला बाहेरच्या खोलीत गेले. बराच वेळ गेला. मी बशी घेऊन गेले तर ते मेजावर वाकून एका जागी बोट दाखवत होते.

तिथे राखणदाराची घुमटी होती. राखणदार म्हणजे त्या जागेचा धनी. सीमेवर फिरतो, माणसाची आणि गुरांची राखण करतो, आणि वर्षाला त्याला रोटाचा, जाड भाकरीचा, नैवेद्य द्यावा लागतो. खऱ्या पेडण्यात आमच्या घराखाली, रुळांच्या शेजारी त्याची छोटीशी घुमटी आहे. गोकुळदासने ती बोगद्याच्या तोंडाशी बसवली होती, कारण तिथे शोभून दिसत होती.

"ह्यो हंयसर कसो?" आबा म्हणाले. "ह्यो मळ्याच्या अंगाक. आमच्या बाजून."

माझ्या नवऱ्याला आजवर कोणी चूक दाखवली नव्हती, आणि दाखवली असती तर तो पुराव्यानिशी भांडला असता. मी बशी धरून दारातच उभी राहिले. पण तो चिमटा घेऊन वाकला आणि घुमटी उचकटायला लागला. म्हणाला, मामा, माती लावून सुकायला दोन दिवस जातील, नीट बसली की नाही ते बघूनच जा. आबांनी विचार केला. राखणदाराचं काम अर्ध्यावर टाकून जाणं बरं नव्हे, असं म्हणून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

घुमटी बसली तेव्हा विहीर चुकीची निघाली. विहीर हलवली तेव्हा पायऱ्या उलट्या निघाल्या. मग आमच्या काजूंच्या भाटाचं, म्हणजे बागेचं, फाटक, मग बोगद्याच्या मजुरांना चहा मिळायचा ती झोपडी. आबा पेज घेतली की मेजाशेजारी खुर्ची ओढून बसत आणि हा चिमटा हातात घेऊन हुकुमाची वाट पाहत उभा राहत असे. बोगदा खणताना चिखल पेजेसारखा बाहेर यायचा, पहिली गाडी आली तेव्हा आमची गाय दोरी तोडून पळाली, हे सगळं आबा सांगत. त्यांच्या आठवणीत साल नावाची गोष्ट नव्हती. कुठल्याही वर्षाचं झाड ते कुठल्याही वर्षाच्या कुंपणात लावत. तरी गोकुळदास एकदाही म्हणाला नाही की हे त्या सालातलं नव्हे. मला नवल वाटायचं, पण देव देतो तेव्हा विचारू नये. प्लास्टर निघालं, हात हलायला लागला, आणि आबा अजून आमच्याच घरी होते.

एका दुपारी आबा झोपले होते. मी वाळलेले कपडे आत आणायला बाहेरच्या खोलीतून जात होते. गोकुळदास मेजावर ओणवा होऊन विहीर हलवत होता. योग्य जागेवरून चुकीच्या जागेवर. आबांनी परवाच ती बरोबर बसवून घेतली होती, मी स्वतः पाहिलं होतं. मी काय चाललंय म्हणून विचारलं, तर चोरी पकडल्यासारखा लाल झाला.

"चुकी सोंपल्यो जाल्यार मामा घरा वतले," तो हळूच म्हणाला.

चुका संपल्या तर आबा निघून जातील. म्हणून हा माणूस, ज्याने रंगाच्या छटेसाठी आठवडा घातला होता, रोज दुपारी स्वतःच्या हातांनी आपलं पेडणे बिघडवत होता. या मेजावरून मी त्याच्याशी किती भांडले असेन त्याला गणती नाही. त्या दुपारी मला त्याचा इतका लोभ वाटला की कपड्यांचा ढीग हातात नसता तर काय केलं असतं सांगवत नाही. मी एवढंच म्हटलं की विहिरीबरोबर पायऱ्याही हलव, नाहीतर पकडला जाशील.

पुढे पुढे त्यालाही चुका सुचेनात. कुंपणाचा एखादा खांब तिरका कर, कोंबडी छपरावर ठेव, असं चाललं होतं. आबा तेही शोधून काढायचे, पण आता त्यांना चष्मा पुसावा लागायचा. आणि मग एका सकाळी त्यांनी बोगद्याच्या अलीकडे, डोंगर कापून रूळ जिथे आत शिरतात नेमकं तिथे बोट ठेवलं. इथे फणस होता म्हणाले. कापा फणस, भला मोठा. ह्याच जागेवर.

ती जागा रुळांच्या मधोमध होती. त्या दिवशी गाडी फिरली नाही. मी त्याला म्हटलं, सांगून टाक की झाड रुळांवर उभं राहू शकत नाही, आबा समजून घेतील. त्याने मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रूळ उपसायला घेतले. गोंद लावून, खडी पसरून पक्के केलेले रूळ. ते फणसाला वळसा घालून न्यायचे तर अलीकडचा सांधा काढायला हवा, डोंगराचा एक तुकडा कापायला हवा, सिग्नल मागे घ्यायला हवा. त्याने ते सगळं केलं. जगात कुठेही, कुठल्याही सालात नसलेलं वळण माझ्या नवऱ्याने पेडण्याच्या लाइनीला घातलं. पेरूच्या फांदीचं खोड केलं, मातीचे इवलेसे फणस केले, आणि त्यांच्या काट्यांसाठी माझ्या डब्यातली खसखस पळवली. आबा रोज खुर्चीवर बसून बघायचे. पण रोज थोडे गप्प होत चालले होते. मला धास्ती वाटायला लागली की आता हे काम झालं की ते पिशवी उचलणार.

वळण सुकलं. गोकुळदास गाडी सोडायला बसला, तेव्हा आबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मला नारळ आणायला सांगितलं. नवीन लाइन आहे, गाऱ्हाणं घातल्याशिवाय सोडायची नाही म्हणाले. आमच्याकडे घर बांधा, नाटक करा, स्कूटर घ्या, आधी गाऱ्हाणं. घरातल्या मोठ्या माणसाने देवाला सगळं मोकळेपणी सांगायचं आणि बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. गाऱ्हाण्यात लपवाछपवी चालत नाही. देवाला सगळं माहीतच असतं.

आबांनी नारळ त्या बोटभर घुमटीसमोर धरला.

"बा राखणदारा म्हाराजा, पेडण्याच्या सीमेच्या धन्या. आज हंय मुळगावात माझ्या जावयान तुझी घुमटी बांदल्यान, रूळ घातल्यान. ती सेवा मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

"ह्येच्या गाडयेक आडकाठी येवक देव नको."

"व्हय म्हाराजा."

आबा थांबले. मला वाटलं संपलं. गोकुळदासचा हात बटणाकडे गेलाही होता.

"आनी म्हाराजा, हंयसर फणस कदीच नासलो."

फणस तिथे कधी नव्हताच. गोकुळदासचा हात तिथेच राहिला.

"जावय दनपारा एक चूक करी आनी मी सकाळी ती सोदून काडी. माका सगळां म्हायत आसलां. पूण मागीर तेका चुकी सुचनासल्यो, म्हणून मी खोटो फणस सांगलो. चेडवाच्या घरात रवाक माका दुसरां कारण नासलां. तेणी माझ्या खोट्यापायी रूळ वाकयल्यान. आता आनी खोटां सांगना. कारण नसताना रवतंय. वर्साचो रोट पेडण्याक येवन दितंय. लोक बोल लावतीत तो माझ्या माथ्यार, चेडवाक लागाक देव नको. चुकला माकला पोटात घाल, आनी हो म्हातारो हंयच आसा म्हणान राखण कर, रे म्हाराजा."

कारण नसतानाही इथेच राहतो, असं आबा देवाला सांगत होते. आबांची पाठ माझ्याकडे होती, नारळ तसाच धरलेला. गोकुळदासने माझ्याकडे पाहिलं. तो डोळे पुसत होता, पण उत्तर द्यायला तयार नव्हता. ते त्याने माझ्यासाठी ठेवलं होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. दोनदा म्हटलं. एकदा देवाला, एकदा आबांना ऐकू जावं म्हणून.