नीट हलवून द्या

माझा नवरा बस डेपोत मेकॅनिक. गाड्यांचं सस्पेन्शन बघायचं काम त्याचं. बस खड्ड्यात आदळली तरी माणसांची हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून. एका बसचे स्प्रिंगचे पाटे तुटले, साहेबांनी हात झटकले आणि याला सस्पेन्ड केलं. चौकशी संपेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही. आणि चौकशी काही सुरू होत नाही. हा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. माझं डोकं फिरतं.

मग लेकीला खोकला झाला. औषधाच्या बाटलीवर पुन्हा तोच मेला शब्द: सस्पेन्शन, नीट हलवून द्या. तळाशी बसलेला पांढरा गाळ हा असा मन लावून हलवायचा, जसं काही डेपोतली गाडीच हातात घेतलीय. वेळेआधीच हात धुऊन तयार. दाढीसुद्धा करायला लागला.

बाटली संपली. लेक ठणठणीत बरी झाली.

"अजून एक आणू का?" त्याने विचारलं.

"कशाला? बरी झालीय ती!" मी खेकसले.

तो पुन्हा भिंतीकडे वळला. लेक त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग मुद्दाम खोकली.