मिलकाबाईंची हिब्रू शाळा

भुसावळच्या लोको शेडमधले फिटर अब्राहम वाकरुळकर एक्याऐंशी साली वारले. मिलकाबाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या, आणि त्यांची एकुलती मुलगी शुलामिथ नववीत. हे बेने इस्राएल लोक मूळचे अलिबागकडचे, धर्माने यहुदी, बोलायला अस्सल मराठी. रेल्वेच्या नोकऱ्यांमागून त्यांची तीसेक घरं भुसावळला येऊन राहिली होती. नवऱ्याच्या जागेवर मिलकाबाईंना स्टोअरमध्ये कारकुनी मिळाली. पण त्यांचा जीव कागदांत नव्हता, हत्यारांत होता. घरातलं शिलाई मशीनही त्या स्वतःच खोलून दुरुस्त करायच्या.

त्याच वर्षी सावद्याला ओळखीच्या रुपचंद नानांच्या केळीच्या बागेत त्या गेल्या होत्या. घड उतरवल्यावर उरलेली खोडं बांधावर कुजत पडली होती. मिलकाबाईंनी एक साल उचलली आणि नखाने खरवडली. आत रेशमासारखा धागा निघाला.

"नाना, याचं काय करता?"

"काय करायचं? पडू द्यायचं."

पुढची दोन वर्षं प्रत्येक रविवार गावातल्या खाजा मिस्तरींच्या लेथवर, धागा काढायचं यंत्र करण्यात गेला. फिरता रूळ, त्याला पाती, खाली पायाने चालवायची पट्टी. यंत्र फिरायचं छान, पण धागा तुकडे होऊन बाहेर पडायचा. खाजाभाई दर वेळी पात्यांना आणखी धार लावायचे आणि तुकडे आणखी बारीक व्हायचे. एका रविवारी मिलकाबाई म्हणाल्या, "आज धार लावू नका. आहे ती घालवा."

"बाई, बोथट पात्याने काय कापणार?"

"आपल्याला कापायचंय कुठे? गर तेवढा खरवडायचाय."

त्या दुपारी हातभर लांब, अखंड धागा निघाला. खाजाभाईंनी तो बराच वेळ हातावरून खाली सोडला नाही.

चौऱ्याऐंशीला मिलकाबाईंनी नोकरी सोडून पत्र्याची शेड टाकली. आठ बायका कामाला आल्या. शिंदखेड्याकडून आलेली झुंबरबाई त्यांची मुकादम. दोऱ्या, चटया, पिशव्या धुळ्यापासून सुरतेपर्यंत जाऊ लागल्या, यंत्रंही विकली जाऊ लागली. हातात पैसा आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई बंगला बांधतील. बाईंनी रेल्वे क्वार्टरांच्या मागे दोन खोल्या घेतल्या आणि शाळा काढली.

कारण होतं. भुसावळात हिब्रू वाचणारा एकच म्हातारा उरला होता आणि त्याची नजर गेली होती. पोरं प्रार्थना म्हणायची ती देवनागरीत लिहून घेतलेल्या कागदावरून, अर्थ न कळता, अर्धी गिळत. मिलकाबाईंना ते सहन होत नव्हतं. त्यांनी अलिबागहून बिन्यामीन गुरुजींना राहायला खोली देऊन आणलं, पुस्तकं मागवली, बाकं करून घेतली. पहिल्या वर्षी तेवीस मुलं होती. संध्याकाळी चार वाजता कारखान्यातून निघून त्या मागच्या बाकावर बसायच्या आणि मुलांबरोबर अक्षरं गिरवायच्या. वाचायला त्या शिकल्या, पण अर्थापर्यंत कधी पोचल्या नाहीत. तेवढी सवड कारखान्याने दिली नाही.

शाळेचं नाव झालं आणि तिथूनच ती रिकामी व्हायला लागली. पोराला हिब्रू वाचता येतंय म्हटल्यावर बापाला धीर यायचा. इस्राएलला जायचं घरात कधीपासून घाटत असायचं, ते पक्कं व्हायचं. सत्त्याऐंशीला चार मुलं गेली, पुढच्या वर्षी सहा. जाणारं प्रत्येक घर पेढे घेऊन यायचं.

"बाई, तुमच्यामुळे झालं हो हे," गार्डसाहेबांची बायको म्हणाली.

मिलकाबाईंनी पेढा घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीपटावर त्या घरातल्या दोन नावांपुढे रेघ मारली.

गुरुजी एकदा म्हणाले, "शिकवणं थांबवलं तर थांबतील कदाचित."

"अडाणी ठेवून थांबवायचं?" मिलकाबाईंनी विचारलं. 

एक्याण्णवला शुलामिथ निघाली. लग्न झालं होतं, जावयाला हैफाला काम मिळालं होतं. सामान बांधताना ती म्हणाली, "आई, तूही चल. इथे आपलं कोण उरलंय?"

"शाळेत नऊ मुलं आहेत अजून."

"तीही जातील."

"जातील तेव्हा बघू."

ब्याण्णवला इस्राएलची वकिलात दिल्लीत उघडली आणि जाणं आणखी सोपं झालं. त्याच सुमारास बाजारात नायलॉनची दोरी स्वस्त झाली. केळीच्या दोरीला गिऱ्हाईक उरलं नाही. मिलकाबाईंनी यंत्रात सुधारणा केल्या, धागा आणखी मऊ काढला, नमुने घेऊन जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांचे उंबरठे झिजवले. लोक धागा हाताळून वाखाणायचे आणि परत द्यायचे. आठ बायकांच्या तीन झाल्या. पंचाण्णवच्या उन्हाळ्यात यंत्रं थांबली. त्याच वर्षी गुरुजी मुलाकडे निघून गेले आणि शेवटची विद्यार्थिनी, तिकीट तपासनिसांची नाओमी, दहावीचा निकाल घेऊन आईबापांबरोबर मुंबईच्या गाडीत बसली.

झुंबरबाई शाळेचं कुलूप लावायला मदतीला आली होती. "बठ्ठा पोरं ग्यात अक्का," ती आपल्या अहिराणीत म्हणाली. "आते कोनले शिकाडशात?"

मिलकाबाईंनी कुलूप ओढून पाहिलं.

शहाण्णवला शुलामिथचं पत्र आलं. त्यात पाच वर्षांच्या नातवाने मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या चार ओळी होत्या. हिब्रूत. मिलकाबाईंनी चष्मा लावून अक्षर अन् अक्षर लावलं, मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं. काय लिहिलंय ते मात्र कळलं नाही. भुसावळात विचारायला माणूस नव्हता. त्यांनी उत्तरात मराठीत लिहिलं, तुझं अक्षर सुंदर आहे.

मग पुस्तकांचा प्रश्न आला. मुंबईच्या प्रार्थनालयाला लिहिलं तर कळलं, तिथेच पुस्तकं वाढलीत, माणसं कमी झालीत. खोल्यांच्या छताला गळती लागली होती, पानांना वाळवी लागत होती. देवाचं नाव असलेलं पुस्तक रद्दीत देत नाहीत, जाळत नाहीत. त्याला माणसासारखं पुरतात.

खाजाभाईंनी सत्तरी ओलांडली होती. तरी कुदळ घेऊन आले. भुसावळच्या बाहेर बेने इस्राएल लोकांची वीस-बावीस थडगी होती, तिथे एका कोपऱ्यात दोघांनी मिळून खड्डा खणला. मिलकाबाईंनी पुस्तकं केळीच्या धाग्याच्या पिशव्यांत भरून आणली होती. चौदा पिशव्या. त्या एकेक करून खाली दिल्या, खाजाभाईंनी नीट रचल्या.

"काही म्हणायचं असतं का, बाई?"

"माणसाला असतं. ती प्रार्थना म्हणायला आमच्यातले दहा पुरुष लागतात." हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "पुस्तकांना नाही लागत."

माती लोटून झाल्यावर दोघं कडूनिंबाखाली बसले. ऊन कडक होतं. मिलकाबाई थडग्यांकडे बघत होत्या.

"मला इथे कोण आणेल, खाजाभाई?"

"आम्ही आहोत ना."

"तुम्ही माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे आहात."

खाजाभाईंनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि परत घातली. रिक्षावाल्याला बारा वाजता यायला सांगितलं होतं. साडेबारा झाले तरी तो आला नाही, तेव्हा कुदळ खांद्यावर टाकून ते उठले आणि दोघं चालत निघाले.