दहापर्यंत उभी

समोरच्या माणसाकडे बघून बोलावं, एवढीही रीत या साहेबाला कुणी शिकवली नव्हती. आजी सात वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन विमा कचेरीत शिरल्या, स्वतःच खुर्ची ओढून बसल्या, तरी याचं डोकं आपलं कागदात. बसा म्हणायला जीभ झिजली असती का मेल्याची?

"मुलीला काय आहे?" साहेबाने कागदालाच विचारलं.

"जन्मापासून पायांत बळ नाही. सरकारी विम्यावर आठवड्यातून दोनदा व्यायाम मिळतो. तो पुढे चालू ठेवायला दरवर्षी तुमच्यापुढे यायचं, आणि तुम्ही दरवर्षी हेच विचारायचं."

"काही फरक?"

झालं, आजींना स्फुरण चढलं. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी कालच बजावलं होतं, "आजी, तिथे काही करून दाखवू नका. मांडीवर बसू द्या तिला गप." पण आजींनी उभ्या जन्मात आपल्या घरचं कधी उणं सांगितलं नव्हतं. सोयऱ्याधायऱ्यांपुढे नाही, तर या कागदातल्या कसरीपुढे कशाला सांगतील? महिनाभर ओट्याला धरून पोरीकडून सराव करून घेतला होता. आज दोन वेण्या, ठेवणीतला फ्रॉक.

"फरक? बघाच आता. ऊठ गं राणी."

पोरीने टेबलाची कड धरली. आजींनी तिच्या काखेतला हात काढून घेतला.

"एक... दोन..." पोर स्वतःच मोजू लागली. पाचाला गुडघे लटपटले. साताला ओठ दाताखाली गेला. "दहा!" म्हणाली आणि आजींच्या मांडीवर कोसळली, घामाने डबडबलेली, हसत.

साहेबाची मान खालीच. आकडे कानावर पडले, तेवढं त्याला पुरलं.

"उभी राहते," तो लिहिता लिहिता म्हणाला. "मग आठवड्याचं बंद. आता महिन्यातून एकदा, बाकीच्या मुलांबरोबर."

"बंद? अहो, दहाच आकडे! त्यालाही दोन वर्षं लागली. बंद केलंत तर पुन्हा आडवी होईल पोर."

"झाली तर नवा अर्ज करा."

"आणि उभी राहिलीच नसती तर?"

"तर आठवड्याचं चालू राहिलं असतं. नियम आहे, आजी. राहिली की नाही उभी, तेवढं सांगा."

एक 'नाही' म्हटलं की काम झालं असतं. आजींनी तोंड उघडलंही. पण पोर अजून धापा टाकत होती, शाबासकीची वाट बघत त्यांच्याकडेच टक लावून. तिच्या देखत कसं नाही म्हणायचं?

"राहिली," आजी म्हणाल्या. "चांगली ताठ राहिली."

"इथे अंगठा."

"सही येते मला." त्यांनी चार अक्षरं कागद फाटेल इतकी दाबून काढली आणि पोरीला कडेवर उचललं. येताना इतकी जड नव्हती ती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हिला मान सावरायला पुरतं एक वर्ष लागलं. रडली, घामाघूम झाली, पण सावरली. तुमची अजून उचलली जात नाही. तुम्हाला आठवड्यातून दोनदासुद्धा पुरायचं नाही."