नटकाकांचा हात

तिने नटकाकांच्या बोटाचं नख दाबून धरलं, सोडलं, आणि बघत राहिली. दाबल्यावर पांढरं पडलेलं नख सोडताक्षणी गुलाबी व्हायला हवं. ते पांढरंच राहिलं. मग नाइलाजाने आल्यासारखा त्यात थोडा रंग आला.

"नाडी ऐंशी. हात गरम आणि कोरडा," पडद्याजवळ उभे असलेले सर हातातल्या कार्डावरून म्हणाले. "चल पुढे."

तिला पुढे जायलाच हवं होतं. अपघाताच्या पेशंटला तपासायच्या परीक्षेची ही तिची दुसरी खेप होती. आज परीक्षा गेली तर बरोबरीचे सगळे डॉक्टर म्हणून वॉर्डात कामाला लागणार होते आणि ती मात्र पुन्हा त्याच बाकावर. वर्गात तिला गोगलगाय म्हणत. पहिल्या खेपेला पेशंटचा हात हातात घेऊन, त्याचं नाव विचारून, त्याला धीर देऊन होतो न होतो तोच घंटा झाली होती आणि जखम तशीच राहिली होती. "पोटात वाहणारं रक्त तुझ्या गप्पा संपायची वाट बघत नाही," असं सर तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते. ते वाक्य तिच्या मनातून जाता जात नव्हतं.

नटकाका हे या परीक्षेतले पेशंट. अर्थात खोटे. बँकेतली नोकरी संपवून आणि हौशी रंगभूमीवर उभी हयात घालवून ते इस्पितळाच्या शिकवणीच्या खोलीत येऊन पडायचं काम करत होते, आणि त्यांच्यासारखा पडणारा शोधून सापडला नसता. इतक्या वेळा मरून पुन्हा उठून चहा मागणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. फुप्फुसाला इजा झालेला माणूस श्वास कसा घेतो हे कळावं म्हणून ते परवानगी काढून वॉर्डात खुर्ची टाकून बसले होते. सिस्टर लाल रंगात ग्लिसरीन कालवून त्यांच्या अंगावर जखमा काढायच्या, आणि काका त्या जखमा अशा काही अंगात मुरवायचे की नवी मुलं पडद्याआड पाऊल टाकताच ततपप करू लागत.

त्यांची खरी थोरवी मात्र वेगळीच होती. काका पदरचं एक वाक्यही घालत नसत. कार्डावर उजवी मांडी लिहिली असेल तर डावीला मुंगीसुद्धा चावत नसे. कण्हणं दोनदा असेल तर तिसऱ्यांदा कण्हणं नाही. "माझ्या जास्तीच्या कण्हण्याने पोरांची वाट चुकायची," असं ते म्हणत. आयुष्यभर टाळ्या घेतलेल्या माणसाने एका कार्डापुढे इतकं नमून राहावं, याचं तिला पहिल्या वर्षापासून नवल वाटे.

या परीक्षेचा एक नियम होता. शरीर काकांचं, आकडे सरांचे. काका धडधाकट, तेव्हा त्यांची खरी नाडी मोजून काय मिळणार? मुलं त्यांच्या मनगटावर बोटं टेकवत आणि सरांच्या तोंडाकडे बघत. असं करता करता सगळ्यांना एक विचित्र सवय जडली होती. हात धरायचा, पण हाताला काय लागतंय तिकडे लक्ष द्यायचं नाही. तिला काही ती सवय लागली नव्हती. कदाचित तेवढी चपळाई तिच्यात नसावी.

आजचं कार्ड सोपं होतं. मोटरसायकलवरून पडलेला माणूस, उजव्या मांडीला मोठी जखम, बाकी ठीक. जखमेचा देखावा बघून हुरळून जायचं नाही, श्वासापासून क्रमाने सगळं तपासायचं आणि रक्त थांबवायचं, एवढंच. पण काकांचा डावा हात हळूहळू वर आला आणि डावा खांदा चोळू लागला.

"काका, काय होतंय?"

"खांदा." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "खांदा ठणकतोय गं."

"वा! आज काका रंगात आहेत," सर म्हणाले. "मांडी बघ, मांडी. वेळ चाललाय तुझा."

तिने मांडीकडे पाहिलं. सिस्टरनी काढलेली जखम झकास होती. तिने काकांच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे घाम होता, आणि आजच्या कार्डावर घाम नव्हताच. गप्प राहून पट्टी बांधली तर ती पास होती. बोलली आणि चुकली, तर गोगलगाय या नावाला आणखी एक पदवी चिकटणार होती.

"सर, हात गार आहे."

"कार्डावर गरम आहे."

"कार्डावर असेल, सर. हा हात गार आहे. नखात रंग येत नाहीये. आणि खांदा पण कार्डावर नाहीये ना?" हात तिने सोडला नव्हता. "काका पदरचं काही घालत नाहीत, सर."

पडद्यामागे सिस्टरचा ट्रे वाजायचा थांबला. सरांनी कार्ड खिडकीत ठेवलं आणि येऊन काकांचं दुसरं मनगट धरलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी ते धरलं होतं.

"नाडी शहात्तर. नाडी तर बरी आहे."

"ते रक्तदाबाची गोळी घेतात, सर. रोज इथेच, चहाबरोबर. ती गोळी घेणाऱ्याची नाडी रक्त गेलं तरी धावत नाही. तुम्हीच शिकवलंय."

सरांनी काकांचा सदरा वर केला. डाव्या फासळ्यांखाली अंगठ्याएवढा निळसर डाग होता. तो सिस्टरनी काढलेला नव्हता. सरांनी तिथे अगदी हलकेच हात ठेवला, आणि नटकाका कार्डावर नसलेलं कण्हले.

"पडलात का कुठे?"

"सकाळी. येताना. सायकलचं हँडल लागलं जरासं. काही नाही हो."

घाबरलेली माणसं आवाज चढवतात. सरांचा आवाज अशा वेळी खाली यायचा. ते एखाद्याला पत्ता सांगावा इतक्या शांतपणे म्हणाले, "सिस्टर, ऑक्सिजन. ऑपरेशन थिएटरला कळवा." मग तिच्याकडे वळून, "बोल. पहिल्यापासून. श्वासाची वाट?"

"मोकळी आहे. बोलताहेत."

"श्वास?"

"भरभर आहे. दोन्हीकडे सारखा."

"रक्ताभिसरण?"

उत्तराचा शब्द तिने शंभरदा घोकला होता, पण नाव माहीत असलेल्या माणसासमोर तो कधी उच्चारला नव्हता.

"शॉक, सर. रक्त आतल्या आत जातंय. पोटात."

ती बोलत गेली आणि तिच्या बोलण्यामागे माणसं हलत गेली. बघत राहावं असं ते काम होतं. सिस्टरनी मास्क कधी लावला ते कळलंही नाही. सरांनी एका हातात जाड सुई घातली आणि दुसरी सुई तिच्यापुढे धरली. एरवी तिचं तोंडचं पाणी पळालं असतं. आता तिने काकांची शीर शोधली आणि सुई एका दमात आत गेली. रक्त जुळवायला गेलं. रक्तदाब मोजला, तो हवा त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर डाव्या फासळ्यांखालच्या प्लीहेच्या कडेने साठलेल्या रक्ताची काळी रेघ दिसली; खांद्यातला ठणका तिथूनच येत होता. सर एवढंच म्हणाले, "हं." तिने ब्लँकेट ओढून काकांच्या गळ्यापर्यंत घेतलं, कारण रक्त गेलेला माणूस गारठला की उरलेलं रक्त गोठेनासं होतं. मध्येच कधीतरी परीक्षेची घंटा झाली. ती कोणाच्याच कानावर पडली नाही.

थिएटरच्या दारात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ब्लँकेट उचललं आणि ते दचकले.

"अरे बापरे! मांडीचं काय झालंय हे?"

"ती खोटी आहे," सिस्टर म्हणाल्या. "पोट खरं आहे."

दार बंद झालं. ती बाकावर बसून राहिली. थोड्या वेळाने काकू आल्या. फोन त्यांना आला होता, पण तसा तो अधूनमधून येतच असे, कधी चष्मा विसरला म्हणून, कधी डबा.

"काय गं, आज कशाने आजारी पाडलंय यांना?" काकूंनी हसत विचारलं.

तिने उठून त्यांना बसायला जागा दिली.

"आज खरंच, काकू."

काकूंचं हसू लगेच गेलं नाही. आपल्याला कळायचं राहून गेलंय हे न कळल्यासारखं ते तोंडावर तसंच राहिलं. मग त्यांनी तिचा हात धरला आणि दार उघडेपर्यंत सोडला नाही. सर बाहेर आले, मास्क खाली ओढून म्हणाले, "प्लीहा काढावी लागली. काका आहेत." तेव्हा कुठे दोघींचा जीव भांड्यात पडला. काकू रडल्या. तीही रडली, आणि परीक्षक समोर उभे आहेत याची तिला काहीच लाज वाटली नाही.

काका उशीला टेकून बसू लागले तेव्हा ती त्यांना भेटायला गेली.

"पास झालीस ना?" त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही. मांडीला पट्टी बांधायची राहिली."

तिच्या वर्गातली मुलं यावरून सरांवर चिडून होती. गोगलगाय म्हणणारेच सगळ्यांत जास्त चिडले होते. सर मात्र हटले नव्हते. "कार्डावरचा पेशंट अजून मांडीतून रक्त वाहत पडलाय," ते म्हणाले होते. "त्याला तपासल्याशिवाय मी तुला डॉक्टर म्हणणार नाही." मग ती जायला वळली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं होतं. "तुझ्याआधी चार जणांनी तो हात धरला. आणि मी तर सकाळपासून तिथेच उभा होतो. आकडे वाचत." सरांना शब्दांसाठी चाचपडताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिचा राग तिथेच विरघळला, आणि त्यांच्याबद्दलचा आदर होता त्याहून वाढला.

"काका, त्रास झाला तर 'थांबा' म्हणायचं ठरलंय ना? मग का नाही म्हणालात?"

"म्हणणारच होतो." काका चादरीची घडी सारखी करू लागले. "पण तेवढ्यात तू पडद्यातून आत आलीस. दुसरी खेप तुझी. म्हटलं, हिचं तेवढं होऊन जाऊ दे."

"ऐकलंस?" काकू उसळल्या. "पोटात रक्त साठतंय आणि यांना तुझ्या मार्कांची पडलीय!"

सलाइनची नळी जागेवर होती, तरी तिने ती उगाच सरळ केली.

"सरांना सांगून ठेवलंय मी," काका म्हणाले. "तुझी परीक्षा माझ्यावरच घ्यायची. दुसरा कुणी पडला तर मला चालणार नाही."

आणि तसंच झालं. काका बरे होऊन आले तेव्हा शिकवणीच्या खोलीत एक नवी रीत पडली होती. दर विद्यार्थ्याआधी सर पडद्यामागे जात, कार्ड खाली ठेवत आणि काकांचा हात थोडा वेळ हातात धरून उभे राहत. मगच घंटा होई.

तिची पाळी आली. कार्ड या खेपेला कठीण होतं. पोटाला मार, पेशंट बेशुद्ध. काका डोळे मिटून असे पडले होते की क्षणभर तिला तो दिवस आठवला. तिने हाक मारली, उत्तर नाही. श्वासाची वाट पाहिली, श्वास पाहिला. आज ती भराभर करत होती, हात कुठेही रेंगाळत नव्हते. मग तिने काकांचा हात हातात घेतला.

"नाडी एकशे तीस," सर म्हणाले. "हात गार. घामाने ओला."

तिने नख दाबलं, सोडलं. ते सोडताक्षणी गुलाबी झालं. हात कोरडा होता, आणि तळव्याला चांगली ऊब होती. घड्याळ चालू होतं, तरी ती तिथे थांबली.

"गरम आहे, सर," ती म्हणाली.

सरांनी कार्डावरून मान वर केली. तिला वाटलं, आता आपली चौथी खेप.

"हो," ते म्हणाले. "हात गरम आहे. कार्डावर गार आहे. आता पुढे?"

"पुढे शॉक, सर. दोन जाड सुया, रक्त जुळवायला पाठवायचं, पोटाची सोनोग्राफी, अंगावर ब्लँकेट."

ती बोलत असताना तिच्या हातातली बोटं हलली. बेशुद्ध पडलेल्या माणसाने तिचा हात दाबला, एकदाच, घट्ट. सरांनी ते पाहिलं. मग ते खिडकीकडे वळले आणि बाहेर बघण्यासारखं काहीतरी असल्यासारखे बघत राहिले.

नटकाकांचे डोळे मिटलेलेच होते. कार्डावर यातलं काहीही नव्हतं.