आखाडातली अर्धी

आखाड लागला की मांजरी गावात माणसं दोनच गोष्टी विचारतात: पाऊस किती झाला आणि मटण कुणाकडं. पुढं श्रावणात सगळ्यांना महिनाभर साधू व्हायचं असतं, म्हणून जे काही खायचं-प्यायचं ते आधीच उरकून घ्यायची घाई. विश्वजीतच्या कंपूत दरवर्षी एकाची पाळी असायची, आणि यंदा ती नेमकी त्याच्यावर आली. एरवी तो आठवडाभर आधी बोकड बघत हिंडला असता. यंदा मात्र पाळीचं नाव काढताच तो विषय बदलायचा, कारण त्याच्या उजव्या पायाला आता अंगठा नव्हता.

शिमग्याच्या सुमाराला तो काळा पडला होता. आधी विश्वजीतला वाटलं, बूट चावला. मग वाटलं, शेतात काहीतरी लागलं. शेवटी डॉक्टरांनी पायाच्या नसा तपासल्या, दिवसाला सिगारेटी किती ते विचारलं, आणि गडी आकडा निम्मा करून सांगतोय हेही ओळखलं. अंगठा काढावा लागला. घरी सोडताना ते म्हातारे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "दारूचं मी नंतर बोलेन. सिगारेट मात्र एक जरी ओढलीत, तर पुढच्या वेळी बोटावर भागेल असं समजू नका. पाय काढावा लागेल. तुमची मर्जी, आमचं टेबल तयारच असतं."

तेव्हापासून विश्वजीतच्या पाचावर धारण बसली होती. सकाळी डोळा उघडला की आधी हात पांघरुणाखाली जायचा. उरलेली चार बोटं गरम आहेत ना, हे चाचपल्याशिवाय तो उठत नसे. बायको तेजस्विनी ते बघायची आणि बघितलंच नाही असं दाखवायची. सिगारेट सुटली होती, अगदी पानटपरी आली की तो गाडीची काच वर घ्यायचा. पण अहो, चहा पिऊन सिगारेट सोडणं निराळं आणि ग्लास हातात घेऊन सोडणं निराळं. या दोघी सख्ख्या बहिणी, एक दारात आली की दुसरीला हाक मारतेच. म्हणून तर अंगठा गेल्यापासून तो मित्रांबरोबर कुठं बसलाच नव्हता.

"यंदाची पाळी दुसऱ्याला द्या की," तेजस्विनी म्हणाली.

"आणि लोक काय म्हणतील? अंगठ्यासंगं आखाड पण गेला का?"

"लोक पाय देणार आहेत का तुम्हाला?"

तरीही पाळी चुकवणं त्याला जमलं नाही. माणसाला पायापेक्षा नाक जपायची खोड असते, त्याला कोण काय करणार?

रविवारी दुपारी उसाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडात मंडळी जमली. रविराज आला, तो कॉलेजपासूनचा जिवलग. शनिवार पेठेतून केदार आला, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं. चुलीवर म्हातारा गेनबा होता, तो पातेल्याला कुणाला हात लावू देत नसे. मित्र काही वाईट नव्हते, उगाच कुणाला बोल लावायला नको. त्यांनी आपसात आधीच ठरवलं होतं की विशाच्या समोर सिगारेट काढायची नाही. ज्याला ओढायची असेल त्यानं विहिरीपलीकडं बांधावर जायचं.

"तुझ्यासाठी धूरमुक्त गाव अभियान राबवलंय आम्ही," केदार म्हणाला. "आता तेवढी कमान उभार आणि आमचे फोटो लाव."

विश्वजीत हसला. त्याला बरंही वाटलं. पहिला पेग शेंगदाण्यांबरोबर गुमान उतरला.

दुसरा भरला आणि रविराज उठला. मग केदार उठला. "आलोच" म्हणून दोघं बांधाकडं गेले, आणि शेडात विश्वजीत एकटा राहिला. गेनबा पाठमोरा रस्सा ढवळत होता. इतक्या वर्षांत बसल्यावर तो असा एकटा कधी उरला नव्हता. जीभ कोरडी पडली. बोटं उगाच ग्लासावर टकटक करायला लागली, जणू त्यांना दुसरं काहीतरी धरायचं होतं. बांधावरून हसण्याचा आवाज आला आणि त्याला वाटलं, आपल्याला वाळीत टाकलंय. आपण नुसतं गप्पा मारायला जातोय, असं त्यानं मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही, पण पाय निघाले.

बांधावर रविराज पाठ करून कुठल्यातरी गिऱ्हाइकाची नक्कल करत होता. आता या दोघांची एक जुनी रीत होती. कॉलेजात असल्यापासून एका वेळी एकच सिगारेट पेटायची, अर्धी रविराजची, अर्धी विश्वजीतची. रविराज आपली अर्धी संपवायचा आणि बोलता बोलता, न बघताच, डाव्या बाजूला हात करायचा. विश्वजीत कायम डावीकडंच उभा असायचा. आजही येऊन तो तिथंच उभा राहिला. रविराजचा हात आला. विश्वजीतच्या हातानं घेतली. दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सिगारेट ओठांजवळ आली, नाकात धूर गेला आणि विश्वजीतच्या काळजात धस्स झालं. त्यानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. टाक, तो मनात म्हणाला. हात टाकेना. टाक, अरे पाय जाईल. बोटं आणखीच घट्ट झाली. आपलाच हात आपलं ऐकत नाही, आणि बाकी दोघांचं तर इकडं लक्षच नव्हतं.

"रव्या," तो हळूच म्हणाला. "माझ्या हातातनं ही घे."

"अर्धी झाली की माझी," म्हणत रविराज वळला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं झडप घालून ती पेटती सिगारेट मुठीतच पकडली, चटका बसला तरी सोडली नाही, मग चिखलात टाकून टाचेखाली रगडली.

"आईशप्पथ विशा, मी मुद्दाम न्हाय दिली. हात आपोआप गेला."

"माझा पण," विश्वजीत म्हणाला.

केदारनं आपल्या हातातली सिगारेट पाठीमागं लपवली.

संकट टळलं असं तुम्ही म्हणाल. विश्वजीतला मात्र खरी भीती आत्ता वाटायला लागली, कारण त्याचं लक्ष रविराजच्या शर्टाच्या खिशावरून हलत नव्हतं. खिशात पाकीट होतं. एक माग, पोटातली दारू म्हणत होती, एवढ्यानं काय होतंय. त्यानं फोन काढला.

"तेजू, गाडी घेऊन ये."

"काय झालं?"

"तू आधी ये."

"मटण झालंय," रविराज रडवेला होऊन म्हणाला. "चार घास खाऊन तरी जा. तुझाच आखाड हाय." पण विश्वजीत रस्त्याला जाऊन उभा राहिला. यजमानानंच आखाड टाकून जावं, असं त्या कंपूत कधी घडलं नव्हतं.

तेजस्विनी आली. तो शेजारी बसताच तिनं त्याचा उजवा हात ओढून नाकाशी नेला.

"ओढलीत?"

"न्हाय."

"वास येतोय."

"हातात होती. तोंडापर्यंत आली होती, पण ओढली न्हाय."

"वेलदोडा चघळत इतकी वर्षं हेच सांगत आलात," ती म्हणाली. तिनं हात सोडून दिला. "मला खरं वाटत नाही."

रविराजला हाक मारून साक्ष काढावी, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मारली नाही.

"मला तरी माझं कुठं खरं वाटतंय?" तो म्हणाला. "आत्तापर्यंत न्हाय ओढली. पण थोडा वेळ जरी थांबलो असतो तर मागून ओढली असती. लई भ्या वाटलं मला, तेजू. म्हणून तुला बोलावलं."

लहान पोराचं करतात तसं तेजस्विनीनं वाकून त्याच्या बाजूचं दार लॉक केलं, मग गाडी सुरू केली.