अठ्ठावीस एप्रिलची सुट्टी

गल्लीच्या तोंडाशी तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लटकलेले लोकांचे कपडे. पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा, असली कामं. नवरा गेला त्याला आठवडाही झाला नव्हता तेव्हा तिने दुकान उघडलं, आणि शेजारणी कुजबुजल्या. बाईच्या डोळ्याला पाणी नाही म्हणाल्या.

ते खरंच होतं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. सासूबाई मात्र दोघींच्या वाटचं रडून घ्यायच्या. त्यांचं रडणं कानावर पडलं की ती मशीनचं पायडल जरा जोरात मारायची, एवढंच.

नवरा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता. उरलासुरला पुठ्ठा दाबून त्याचे गठ्ठे बांधणारं मशीन त्याच्याकडे असायचं. चालणं, बोलणं, जेवणं, सगळ्यात त्याला भारी घाई, म्हणून दोस्तांनी नाव पाडलं होतं ‘एक्सप्रेस’. त्या मशीनला जाळीचं दार होतं. दार उघडलं की एक खटका सुटायचा आणि मशीन आपोआप थांबायचं. पुठ्ठा अडकला की दार उघडा, सोडवा, दार लावा, पुन्हा चालू करा. या कटकटीला कंटाळून खटका तारेने बांधून टाकायची पद्धत पडली होती. मग दार सताड उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटायचं. गेल्या वर्षी एका दुपारी अडकलेला पुठ्ठा ओढायला तो आत वाकला, आणि मशीन थांबलं नाही.

तार त्यानेच बांधली होती. चौकशीत तसं निघालं. कारखान्याचे दोन साहेब तिला ते सांगायला घरी आले, तेव्हा सासूबाई आत निजल्या होत्या. तिने ऐकून घेतलं, चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेली. सासूबाईंना एवढंच सांगितलं की मशीन बिघडलं होतं. तेव्हापासून तिला कुणावर रागावताही येईना. कारखान्यावर रागवावं तर तार मधे यायची. त्याच्यावर रागवावं तर तोच नव्हता.

एप्रिल संपत आला होता. एक गिऱ्हाईक पँट घेऊन आलं.

“आजच द्या हं ताई. उद्या सुट्टी आहे, बाहेर चाललोय सगळे.”

“कसली सुट्टी?”

“यंदा नवीन काढलीय. कामगारांचं काहीतरी आहे.”

“ते तर एक मे ना?”

“हे वेगळं. आता आयती मिळतेय, तर कशाला चौकश्या? दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत!” गिऱ्हाईक हसत हसत गेलं.

संध्याकाळी युनियनचा सेक्रेटरी आला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा, म्हणून कारखान्यात त्याला ‘भोंगा’ म्हणत. आज मात्र तो स्टुलावर अवघडून बसला.

“वहिनी, उद्या अठ्ठावीस एप्रिल. कामावर असताना जी माणसं गेली त्यांचा दिवस. जगात बऱ्याच ठिकाणी पाळतात. आपल्याकडे यंदा पहिल्यांदाच सुट्टी मिळालीय. कारखान्यात सकाळी कार्यक्रम ठेवलाय, एक मिनिट शांतता, दोन शब्द. तुम्ही याल?”

तिने दाताने दोरा तोडला. “काय करावं लागेल मला?”

“काही नाही. फोटोला फूल वाहायचं.”

“येईन,” ती म्हणाली. नाही म्हणायला जे काही लागतं, तेही तिच्याकडे उरलं नव्हतं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्या घरीच राहिल्या.

कारखान्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर पाच-सहा फोटो होते, बहुतेक जुने. एकात मिशीवाला म्हातारा, एकात कोवळी मुलगी. तिचा नवरा सगळ्यात शेवटी होता आणि फोटोतही कुठेतरी निघाल्यासारखा दिसत होता. कुणीतरी तिच्या पदराला काळी फीत लावली. मॅनेजरने कागदावरून भाषण वाचलं. भोंग्याने कागदाशिवाय केलं आणि चांगलं लांबवलं. मग सगळे उभे राहिले. त्या मिनिटात एकाने घड्याळ पाहिलं, एकाचा फोन वाजला आणि त्याने तो घाईघाईने खिशातच दाबला. तिने फूल वाहिलं. मग चहा-बिस्किटांची सोय कँटीनमध्ये आहे असं सांगितलं, आणि लोक मोकळे झाल्यासारखे बोलू लागले. सुट्टी असली तरी माल अडला होता, त्यामुळे दुपारची पाळी चालू होणार होती.

“भाऊ, मला ते मशीन बघायचंय,” ती भोंग्याला म्हणाली.

“कशाला वहिनी? जिवाला त्रास.”

“बघायचंय.”

तिला वाटलं होतं, चांगलं राक्षसासारखं असेल. पण ते कपड्यांच्या कपाटाएवढं होतं, हिरव्या रंगाचं. दाराच्या कडेला मुठीएवढा खटका होता. त्याच्याभोवती तार गुंडाळलेली होती. जुनी नव्हे, नवी, चकचकीत, वेढ्याला वेढा लावून बांधलेली. भोंग्यानेही ती पाहिली.

जवळच एक पन्नाशीचा माणूस चहाचा कप धरून उभा होता. एक्सप्रेसच्या जागी घेतलेला नवा ऑपरेटर.

“ही तुम्ही बांधलीत?” तिने विचारलं.

तो गडबडला. “मी आलो तेव्हा बांधलेलीच होती वहिनी. ती तुटली, म्हणून दुसरी घातली.”

“का?”

“मशीन सारखं थांबतं. थांबलं की गठ्ठे कमी भरतात. मग फोरमन बोलतो.”

“घरी कोण कोण आहे तुमच्या?”

“बायको. दोन मुली.” त्याने कप खाली ठेवला. “मी हात घालत नाही आत. काठीने काढतो.”

“तेही असंच म्हणायचे,” ती म्हणाली.

बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची होती. ती तिने ओढली, मशीनच्या दाराला पाठ लावून ठेवली आणि तिच्यावर बसली. कुणाला काही कळेना. तिला स्वतःलाही फारसं कळत होतं असं नाही. मांडीवर हात ठेवून ती बसून राहिली. दुपारच्या पाळीची माणसं आली, लांबून बघत उभी राहिली. फोरमन आला, भोंग्याशी काहीतरी बोलला आणि परत गेला. मग मॅनेजर आला.

“ताई, आपण केबिनमध्ये बसून बोलू या.”

“इथेच बोला.”

“तुमच्या भावना मी समजू शकतो…”

“मला नाहीत भावना,” ती म्हणाली. पँट मंगळवारी मिळेल असं गिऱ्हाइकाला सांगावं, तसा तिचा आवाज होता. “ती तार काढा. खटका दुरुस्त करा. मग मी उठते.”

“करू ना. या आठवड्यात करून घेतो. आज सुट्टी आहे, फिटर मिळणार नाही.”

“कसली सुट्टी आहे आज, साहेब?”

मॅनेजरने भोंग्याकडे पाहिलं. भाषणाचा कागद अजून त्याच्या खिशातून डोकावत होता. उत्तर भोंग्याने दिलं, आणि त्याचा आवाज एवढा खाली येऊ शकतो हे कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं. “जे गेले त्यांची आठवण ठेवायची, साहेब. आणि जे आहेत त्यांना जपायचं. सकाळी आपण दोघंही हेच तर बोललो.”

नवा ऑपरेटर पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. “खटका नीट झाल्याशिवाय मीही मशीन लावणार नाही,” तो म्हणाला आणि तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला. मग आणखी दोघं बसले. बाकीचे उभेच राहिले, पण कामालाही गेले नाहीत.

फिटरला घरून बोलावलं. तो तणतणत आला. तिने बसल्या बसल्याच खुर्ची दारापासून जरा बाजूला सरकवली. फिटर खटका तपासून म्हणाला, “हा मुळातच झिजलाय. दार नीट लावलं तरी ह्याला उघडंच वाटतं, म्हणून सारखं थांबतं. नवीन मागवा म्हणून किती वेळा सांगितलं!” बंद पडलेल्या दुसऱ्या एका मशीनचा खटका काढून त्याने इथे बसवला आणि कुणाला तार गुंडाळता येऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी ठोकली. कापलेली तार खाली पडली होती. ऑपरेटरने दार लावलं, मशीन चालू केलं आणि दार उघडलं. मशीन थांबलं. पुन्हा केलं. पुन्हा थांबलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आता तरी हिचा बांध फुटेल असं त्यांना वाटलं असावं. तिलाही तसंच वाटलं. काही झालं नाही. बसून बसून पायाला मुंग्या मात्र आल्या होत्या. ती खुर्चीला धरून उभी राहिली. “येते मी,” म्हणाली.

घरी सासूबाई वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. “बराच वेळ लागला गं,” त्या म्हणाल्या. “खूप भाषणं झाली का?”

ती त्यांच्यासमोर खाली बसली. “आई, मशीन बिघडलं होतं असं मी तुम्हाला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. मशीन थांबू नये म्हणून तार बांधली होती. आणि ती यांनीच बांधली होती.”

सासूबाईंचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. “माहीत आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? पोटचा पोर तो माझा. लहानपणी दूध निवायची वाट बघायचा नाही. रोज जीभ भाजून घ्यायचा, रोज रडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थांब म्हटलं की जिवावर यायचं त्याच्या.” त्यांनी डोळे पुसले. “तू बोलशील तेव्हा बोलशील, म्हणून मी गप्प राहिले.”

मग तिने सगळं सांगितलं. खुर्ची, ऑपरेटर, फिटर, पत्र्याची टोपी. सासूबाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. त्यांच्या बाबतीत हे नवलच होतं.

“दर वर्षी असतो का गं हा दिवस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“असतो म्हणतात.”

“मग पुढच्या वर्षी मीही येईन. गुडघे गेले खड्ड्यात.”

“या,” ती म्हणाली. अर्ध्या शेंगा तिने आपल्या पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागली.